पाठमोरा कबऱ्या

हौशीराम औटींनी बैल विकत घेतला ही बातमी बेल्ह्याच्या अख्ख्या बैलबाजाराला आधी कळली, मग खुद्द बैलाला कळली, आणि हौशीरामांना सगळ्यांत शेवटी कळली.

आता बैल काही कोणी चुकून घेत नाही. चुकून माणूस फार तर जुडीभर कोथिंबीर जास्त घेतो. पण हौशीराम शेतकरी नव्हते, व्यापारी नव्हते, बैलगाडा शर्यतीचे शौकीनही नव्हते. हौशीराम तैलचित्रकार होते. जुन्नरच्या सरकारी कचेरीत आवक-जावक बघता बघता केस पिकले, निवृत्त झाले, आणि त्याच वर्षी त्यांना मधुमेह आणि तैलरंग एकदमच लागले. मधुमेहावर निदान गोळी आहे.

रानावनातली गुरंढोरं हा त्यांचा खास विषय. सकाळी स्कूटरवर निघायचे, घोड नदीच्या काठाने डिंभ्याकडे जायचे, कधी थेट आहुप्यापर्यंत. तिथे म्हशी बघायच्या, शेळ्या बघायच्या, डोळे भरून आणि डोकं भरून परत यायचं. पण डोक्यातून कॅनव्हासवर येईपर्यंत वाटेत त्या जनावरांचं काय व्हायचं ते देव जाणे. डोक्यात म्हैस म्हणून निघालेली वस्तू कॅनव्हासवर सोफा म्हणून उतरायची. एका गणेशोत्सवात त्यांनी मंडळाला शेळीचं चित्र भेट दिलं. पुढे वर्षभर ते चित्र मंडळात 'कुठल्या तरी महाराजांचं' म्हणून हार घालून ठेवलेलं होतं. दाढीमुळे.

पण खरी ठिणगी पडली ती शेजारच्या सावळाराम डुंबऱ्यांमुळे. सावळाराम गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. सगळी हयात जनावराच्या पोटात कोपरापर्यंत हात घालण्यात गेली, त्यामुळे संकोच नावाची गोष्ट त्यांच्या अंगी उरली नव्हती. हौशीरामांनी मोठ्या हौसेने त्यांना गच्चीवरच्या खोलीत नेलं आणि नव्या चित्रावरचा पडदा बाजूला केला. खिल्लार बैल होता. म्हणजे हौशीरामांच्या मते होता. सावळारामांनी चष्मा लावला, वाकून पोटाखाली बघितलं आणि म्हणाले,

"औटी, घोडी गाभण आहे."

हे वाक्य जिन्यावर चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या वैजयंतीबाईंनी ऐकलं. वैजयंतीबाई म्हणजे हौशीरामांच्या पत्नी. त्या पेटी शिकवायच्या. शिकवणी बैठकीच्या खोलीत चालायची, कारण गच्चीवरच्या खोलीत कला राहायची आणि टर्पेंटाइनचा वास राहायचा. खोलीवर त्यांचा डोळा होताच. ट्रे खाली ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या,

"अहो, आता एकच करा. येत्या कृषी-कला महोत्सवात तुमचं एक चित्र लावा. त्याच्याखाली जनावराचं नाव लिहायचं नाही. एका तरी शेतकऱ्याने आपण होऊन सांगितलं की हा बैल आहे, तर खोली जन्मभर तुमची. नाही सांगितलं, तर रंग माळ्यावर आणि माझी पेटी गच्चीवर."

"मान्य!" हौशीराम गरजले. दुखावलेला माणूस अटी वाचत नाही.

"डोक्यातलं नका काढू," सावळारामांनी जाता जाता सल्ला दिला. "तुमच्या डोक्यातली जनावरं आजारी आहेत. बेल्ह्याच्या बाजारात जा. समोर बैल बघा, आणि दिसेल तसा काढा."

म्हणून सोमवारी हौशीराम बेल्ह्याला गेले.

बाजार भरला होता. गुलाल, घुंगरं, वैरण, वड्यांचं तळण, आणि त्या सगळ्यांत बैलच बैल. हौशीराम हिंडत हिंडत एका डांगी बैलासमोर थबकले. काळ्यावर पांढरे शिंतोडे, जसा काही कोणी घाईत चुना मारताना अंगावर उडवलेला. शिंगं आखूड, छाती रुंद, आणि चेहऱ्यावर भाव असा की 'तुम्ही रांगेत उभे राहा, मी जेवून येतो.' सरकारी माणसाला तो चेहरा एकदम ओळखीचा वाटला. हौशीराम प्रेमातच पडले. त्यांनी स्टँड उभा केला, कॅनव्हास लावला, ब्रश पुसायचा जुना पंचा डाव्या हातावर टाकला आणि कामाला लागले.

चित्रकार मोजमाप कसं घेतात ते तुम्ही पाहिलं असेल. एक डोळा मिटायचा, हात लांब करून ब्रश उभा धरायचा, अंगठा वरखाली सरकवायचा. बाजाराने हे कधी पाहिलं नव्हतं. दात बघून वय सांगणारे बघितले, खूर बघून चाल सांगणारे बघितले, पण लांब उभं राहून काडीने बैल मोजणारा पारखी पहिल्यांदाच आला होता. हळूहळू गर्दी जमली.

"कोन हाय रं हे?"

"पुन्याचं मोठं गिऱ्हाईक दिसतंय. हातबी लावंना बैलाला."

"आरं, डोळाबी एकच वापरतोय!"

बैलाचा मालक होता आहुप्याकडचा गेणूबाबा. म्हातारा, पण आवाज असा की अलीकडच्या डोंगरावर बोलला तर पलीकडची गुरं मागे वळायची. तो गर्दीला सांगत सुटला, "बघू द्या, बघू द्या त्यास्नी! कबऱ्या हाय ह्यो! ह्याच्या आज्यानं वाघाला लाथ मारली व्हती. वाघ अजून लंगडतोय."

आणि व्यवहार जमवायला होता दिलावर. बाजारातला जुना जाणता दलाल. दिलावरने पाहिलं, गिऱ्हाईक जागचं हलत नाही, घासाघीस करत नाही, नुसतं बैलाकडे टक लावून उभं आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे गिऱ्हाईकाने हातावर कापड टाकलंय. आता गुरांच्या बाजारात हातावर कापड टाकून उभं राहायचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबायची. इतकी बोटं म्हणजे इतके, तळवा दाबला म्हणजे अमुक. चारचौघांत व्यवहार होतो आणि चारचौघांना कळत नाही. जगात एवढी गुप्त बोली फक्त दोन ठिकाणी होते, बैलबाजारात आणि सोयरिकीत.

दिलावर अदबीने जवळ आला आणि त्याने पंच्याखाली हात घातला.

हौशीरामांना वाटलं, कलेचा चाहता आहे. बिचारा बुजरा दिसतोय, उघड हात मिळवायला लाजतोय. त्यांनी प्रेमाने तो हात दाबला. दिलावरचे डोळे विस्फारले. त्याने दोन बोटं दाबून पाहिली. हौशीरामांनी चार दाबली, आपल्याकडून आपुलकीला कमी पडायला नको म्हणून. दिलावरने घाम पुसला आणि खात्री करून घ्यायला तळव्यावर हळूच टिचकी मारली. हौशीरामांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरून गदागदा हलवला.

"पक्कं!" दिलावर ओरडला. "पक्कं झालं! गेणूबाबा, गुलाल टाका!"

गुलाल बैलाच्या कपाळावर पडला, थोडा हौशीरामांच्या टकलावर पडला, आणि कासरा त्यांच्या हातात आला.

आकडा मी सांगणार नाही. कापडाखालचा आकडा कापडाखालीच शोभतो. एवढंच सांगतो की तो दिलावरने कानात सांगितल्यावर हौशीरामांनी आधी पाणी मागितलं आणि मग खुर्ची.

"अहो, पण मी... मी नुसता हात मिळवला हो!"

दिलावरचा चेहरा गंभीर झाला. "साहेब, कोर्टात लिहून दिलेलं फिरतं. कापडाखाली दिलेला हात फिरत न्हाई. पण तुमी मोठी मान्सं. तुमाला नको आसंल तर आत्ता सांगा. मी बाजाराला सांगतो, साहेबांचं चुकलं, साहेबांना कायबी कळत न्हाई."

बाजार टक लावून बघत होता. त्यात काही जुन्नरचेही चेहरे होते. हौशीरामांनी छाती पुढे काढली. या देशात मध्यमवर्गाने जेवढं नुकसान सोसलंय, त्यातलं निम्मं 'आपल्याला कळत नाही' हे चारचौघांत कबूल न केल्यामुळे सोसलंय.

"नको कसा? मला पाहिजेच होता," ते म्हणाले आणि मोबाइल काढून पैसे धाडले.

खातं दोघांच्या नावावर होतं. तिकडे जुन्नरात वैजयंतीबाई भूपाचा आरोह शिकवत असताना बँकेचा निरोप फोनवर टुणकन वाजला. पुढच्या क्षणाला बेल्ह्यात हौशीरामांचा फोन वाजला.

"अहो, खात्यातून एवढे कशाला गेले?"

"अगं, मॉडेल घेतलंय. घरीच घेऊन येतोय. समोर बसवून चित्र काढणार."

पलीकडे पेटीचा भाता सुटल्यासारखा एक लांब श्वास ऐकू आला. "बाई?"

"छे छे! बैल!"

पलीकडे पेटीचं झाकण हळूच बंद झालं. दोन्हींपैकी काय परवडलं असतं याचा वैजयंतीबाई विचार करत असाव्यात.

बैल घेणं सोपं, नेणं अवघड. पिकअपवाला म्हणाला, मालकीचा दाखला असल्याशिवाय चाकाला हात लावणार नाही. दाखल्यासाठी कबऱ्याच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर हौशीरामांच्या नावावर चढवायला हवा. ते काम करणारा संगणकावरचा तरुण भला होता, पण संगणक भला नव्हता.

"काका, जनावर कशासाठी घेतलं? शेती, शर्यत का पैदास?"

"चित्रकला."

"ते यात नाही."

"मग इतर म्हणून लिही."

"इतरपण नाही. शर्यत लिहू?"

"अरे, मला उभा राहणारा बैल हवाय, पळणारा नको!"

"मग पैदास?"

हौशीरामांनी कबऱ्याकडे बघितलं. कबऱ्याने जरा अपमानित नजरेने दुसरीकडे बघितलं. तो विषय त्याच्या लहानपणीच संपवला गेला होता.

"शेती लिही बाबा."

"जमीन किती?"

"गच्चीत कुंड्या आहेत."

तरुणाने एकदा बैलाकडे, एकदा कुंड्यांच्या मालकाकडे बघितलं आणि दयेने 'अल्पभूधारक' असं भरून टाकलं. अशा रीतीने तीन मजल्यांत कुंड्यांबाहेर एक इंच माती नसलेले हौशीराम औटी बागायतीसकट शेतकरी झाले. पुढे आठवडाभर त्यांना खतांच्या भावाचे मेसेज येत होते.

कबऱ्या संध्याकाळी जुन्नरात उतरला तेव्हा गल्ली दारात उभी होती. गाडी बाहेर काढून पोर्चमध्ये बैल बांधला. मग सल्ले सुरू झाले. एकाने सांगितलं, बैल दक्षिणेकडे तोंड करून बांधू नका, कर्ज होतं. दुसऱ्याने सांगितलं, लग्नाच्या वरातीला भाड्याने द्या, नवरदेव हल्ली काहीच्या काही वाहनांवर बसतात. समोरची स्नेहल, जी महोत्सवाची कार्यवाह होती आणि आयुर्वेदावर व्हिडिओ टाकायची, ती तांब्या घेऊनच आली. सावळारामांनी तिला समजावलं की गोमूत्र गाईचं असतं, बैलाचं घेतल्यास गुण येण्याची खात्री नाही. त्यावर ती म्हणाली, बघू तरी. ते तिने कोणाला पाजलं ते कळलं नाही, पण तिचे सासरे दुसऱ्या दिवशी मुलीकडे राहायला गेले.

मग वनखात्याचा माणूस आला. कोणीतरी कळवलं होतं. तो म्हणाला, "काका, आजूबाजूला ऊस आहे, उसात बिबटे आहेत, आणि तुम्ही उघड्यावर एवढं मोठं ताट वाढून ठेवलंय. शटर बसवा." शटर बसवलं. शटरने पोर्चमध्ये अंधार झाला म्हणून मोठे दिवे लावले. दिव्यांनी कबऱ्याला उकडायला लागलं म्हणून पंखा लावला. पंखा अंगावर आल्याबरोबर कबऱ्या डोळे मिटून रवंथ करायला लागला, आणि वैजयंतीबाई म्हणाल्या, "बैठकीतला पंखा गेली दोन वर्षं करकरतोय, तो कोणी बघितला नाही."

पण दोनच दिवसांत वेगळंच झालं. कबऱ्याला पेटी आवडली. स्वयंपाकघराची खिडकी पोर्चमध्ये उघडायची, आणि शिकवणी संपली की वैजयंतीबाई त्या खिडकीतून त्याला भाकरी द्यायच्या. तो भाकरी खाता खाता त्यांचं गुणगुणणं ऐकायचा. त्या म्हणायच्या, "बघा, याला ताल कळतो. शेपूट समेवर हलतं. नाही तर माणसं!" माणसं म्हणजे कोण, ते हौशीराम समजून घ्यायचे आणि रंग कालवायचे.

पहिलं चित्र खरोखर उतरलं. तोंड समोरून, डोळे, शिंगं, नाकपुड्यांवरचा ओलावासुद्धा. सावळाराम भिंतीवरून डोकावून म्हणाले, "औटी, हे जनावर आहे." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुरस्कारच.  रंग वाळायला हवा म्हणून त्यांनी कॅनव्हास पंख्यासमोर ठेवला आणि स्वतः चहा प्यायला आत गेले.

आता तैलरंग कालवतात जवसाच्या तेलात. आणि बैलाला जवसाची पेंड म्हणजे आपल्याला श्रीखंड. हा दोन आणि दोनचा हिशेब हौशीरामांनी सोडून बाकी कोणीही केला असता.

ते परत आले तेव्हा कबऱ्या स्वतःचं तोंड चाटून संपवत होता. शिंगं गेली होती, डोळे गेले होते, कपाळाचा शेवटचा तुकडा चालू होता. पूर्ण कॅनव्हासवर एक लांब ओला फराटा राहिला होता आणि मागच्या आकाशासकट चाटल्यामुळे कबऱ्याची जीभ थेट निळी झाली होती.

"माझं चित्र!" हौशीराम किंचाळले.

"माझा बैल!" खिडकीतून वैजयंतीबाई किंचाळल्या. तो त्यांचा कधी झाला हे हौशीरामांना तेव्हा कळलं.

सावळाराम कुंपण ओलांडून आले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं होतं. त्यांनी बाह्या वर केल्या, बादलीभर ताक मागवलं आणि नळीने कबऱ्याच्या नरड्यात उतरवलं. रात्रभर गल्ली जागी होती. सकाळी कबऱ्याने भलं मोठं, मऊ, आणि आकाशासारखं निळं शेण टाकलं आणि वैरण मागितली. खोटं वाटेल, पण त्या निळ्या शेणाने स्नेहलने अंगण सारवलं आणि त्याचा व्हिडिओ टाकला. लोक अजून विचारतात, ही माती कुठली.

बैल वाचला, पण चित्र गेलं. महोत्सव तोंडावर आला होता. हौशीराम नवा कॅनव्हास घेऊन बसले, तर कबऱ्याने पाठ फिरवली. निळ्या जिभेच्या रात्रीनंतर त्याचा कलेवरचा विश्वास उडाला होता. हौशीराम स्टँड घेऊन पुढच्या बाजूला गेले, तो वळला. डावीकडे गेले, तो तिकडून वळला. त्याला फक्त खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं होतं. हौशीरामांनी मग स्टँड स्वयंपाकघरात नेला. खिडकीतून चेहरा झकास दिसत होता. पण टर्पेंटाइनचे दोन थेंब आमटीत पडले, आणि वैजयंतीबाईंनी स्टँड आणि नवरा दोन्ही बाहेर ठेवले.

"अगं, पण मला त्याची मागचीच बाजू दिसते!"

"मग ती काढा. दिसेल तसं काढा म्हणून सांगितलंय ना तुम्हाला?"

हौशीराम हट्टाला पेटले. काढली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी डोक्यातलं काही घातलं नाही. भरदार मांड्या, एक पाय सैल सोडलेला, शेपटाचा पीळ, पाठीचा उतार, आणि लांब पलीकडे दोन कान. मोठं चित्र झालं, अंगणाच्या दाराएवढं. आणि काय सांगू, जिवंत झालं. त्याच्या अगदी जवळ उभं राहायची भीती वाटावी इतकं जिवंत.

महोत्सवाच्या मंडपात स्नेहलने ते उघडलं आणि उलटं करून कॅनव्हासच्या मागेही बघितलं.

"काका, याची पुढची बाजू कुठंय?"

"त्याने चाटली."

"अहो, उद्घाटनाला तात्या येणार आहेत! दारातच हे बघणार?"

तात्या म्हणजे तालुक्याचे नेते. त्यांच्याकडे नक्की कोणतं पद आहे हे कोणाला सांगता यायचं नाही, पण त्यांच्याशिवाय फीत कापलेली तालुक्यात कोणी बघितली नव्हती. स्नेहलने शिवनेरीवरचे सूर्योदय पुढे लावले. सूर्योदय पुष्कळ होते, प्रत्येक चित्रकाराचा एक. हौशीरामांचं चित्र तिने मंडपाच्या मागच्या बाजूला, जेवणाच्या रांगेजवळ, पाण्याच्या पिंपाशेजारी टांगलं.

हौशीराम तिथे स्टुलावर बसले. शेजारी पंच म्हणून सावळाराम, आणि समोर वैजयंतीबाई. त्यांनी सकाळीच पेटी पुसून ठेवली होती.

बघे आले. शहरातली एक बाई मान तिरकी करून म्हणाली, "डोंगर छान आलेत." एका मास्तरांनी त्यात देशाची सद्यस्थिती बघितली. पोरं हसून लोळली. एक चित्रकार, ज्याचे स्वतःचे तीन सूर्योदय होते, तो म्हणाला, "औटी, कलेकडे पाठ फिरवण्याचा हा प्रकार आवडला." हौशीरामांनी मान खाली घातली. वाद, थट्टा, सगळं सोसलं असतं. पण इतक्यांतल्या एकानेही साधं म्हटलं नाही की बैल आहे. वैजयंतीबाईंनासुद्धा वाईट वाटायला लागलं, आणि ही फार वाईट लक्षणं होती.

तेवढ्यात जेवणाच्या रांगेतून एक आवाज आला. मंडपाच्या कनाती हलल्या.

"आरं, सरक की!"

गेणूबाबा होता. फुकट जेवण आणि मोफत बियाणं असा दुहेरी योग साधायला तो मुलाला, गोरखला, घेऊन आहुप्याहून आला होता. हातात पत्रावळ होती, डोळे भाताच्या पातेल्याकडे होते. वाटेत बैल आडवा आला म्हणून त्याने सवयीने चित्राच्या फऱ्यावर, मागच्या मांडीवर, थाप मारली, जिभेने टक्‌ असा आवाज केला, आणि पुढे निघाला. मग थांबला. मागे आला. कॅनव्हासला हात लावला.

"गोरख्या! कबऱ्या हितं कसा रं?"

हौशीराम स्टुलावरून उठता उठता पडले.

"बघितलंत?" ते खालूनच ओरडले. "बघितलंत का? थाप मारली!"

"अहो, त्यांचाच बैल आहे म्हणून," वैजयंतीबाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

पण रांगेतला दुसरा म्हातारा पुढे आला. "कबऱ्या कुनाचा? ह्यो माझा तांब्या हाय. टॅक्टर आनला तवा इकला म्या. शेपूट बघा की!"

"तांब्या तांबडा व्हता, ह्यो काळा हाय!"

"त्ये सावलीत हाय म्हून!"

"व्हा बाजूला," तिसरा म्हणाला. "ह्यो आमचा. नांगराच्या मागं उभी हयात ग्येली माझी. ह्याचं तोंड कसं व्हतं त्ये इच्यारू नका, पर ही बाजू म्या झोपंत वळखीन!"

बघता बघता जेवणाची रांग मोडली. भात ताटकळला. जो तो आपला बैल सांगायला लागला. ट्रॅक्टरच्या आधीच्या साऱ्या बैलांनी त्या मंडपात हजेरी लावली. जन्मभर नांगर धरून जे समोर बघितलं होतं तेच समोर टांगलेलं होतं, आणि प्रत्येकाला ते आपलंच वाटत होतं. दोघांची गचांडी धरून झाली. एक म्हातारा एकटाच चित्रामागे वळून कनातीशी तोंड खाली घालून उभा राहिला. त्याला कोणी हटकलं नाही.

सावळारामांनी घसा साफ केला. "वहिनी, पंच म्हणून सांगतो. खोली गेली."

"गेली तर गेली," वैजयंतीबाई म्हणाल्या आणि पदराने नवऱ्याच्या कपाळावरचा निळा डाग पुसला.

गेणूबाबा मात्र चित्र सोडून हौशीरामांकडे आला. आवाज एकदम खाली आला होता. "पावणं, बैल सुखात हाय ना? आमच्या गोरख्यानं टॅक्टर आनला. भाताच्या खाचरात उतरवला आन् त्यो तितंच रुतून बसला. चिखलनी कशानं करू? बैल परत द्या राव. बांधावर रोज त्याची जागा रिकामी दिसती."

हौशीरामांनी वैजयंतीबाईंकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते, पण त्यांनी मान हलवली. "त्यांचाच तो. माझ्या भूपावर मान डोलावली म्हणून काय तो माझा होत नाही."

हौशीरामांनी खिशातला रुमाल काढला, हातावर टाकला, आणि गेणूबाबाचा हात त्याखाली घेतला. काय दाबलं ते मी बघितलं नाही. पण गेणूबाबा चकित होऊन म्हणाला, "न्हाई पावणं, एवढं कमी नगं, माझी लाज जाईल," आणि बाजाराच्या इतिहासात पहिल्यांदा घेणारा वर चढत गेला आणि देणारा खाली उतरत गेला.

एवढ्यात बाहेर फटाके वाजले. सकाळच्या उद्घाटनाला तात्या आता आले. पुढच्या मंडपात सूर्योदय होते, पण माणसं नव्हती. सगळी गर्दी पिंपाजवळ. तात्यांना वाटलं, स्वागत तिकडे आहे, म्हणून ते तरातरा तिकडेच गेले आणि चित्रासमोर उभे राहिले. मागे कार्यकर्ते, त्यांच्या मागे शेतकरी. एवढी गर्दी चित्रासमोर बघून तात्यांनी ओळखलं की चित्र थोर असलं पाहिजे. जनतेच्या मागे जाण्याची त्यांची कला जुनीच होती.

"औटीसाहेब," ते खांद्यावर हात टाकून म्हणाले, "आमच्या ऑफिससाठी आमचंही एक करा. असंच. जिवंत."

'असंच' म्हणजे कुठल्या बाजूने, ही शंका हौशीरामांना आली, पण सन्मान नाकारायचा कसा?

ते तात्यांच्या ऑफिसात स्टँड घेऊन जाऊ लागले. आधी साहजिकच समोरून काढायला घेतलं. मिशा, टिळा, गळ्यातली साखळी, हसू. कार्यकर्ते येता-जाता बघायचे आणि गोंधळायचे.

"कोन म्हनायचं हे?"

"तात्या."

"हे? न्हाई वाटत राव. तात्यांचं हसू असं व्हतं का?"

"कुनी बघितलंय! सभेला आमी मागं, मिरवणुकीत आमी मागं, गाडीच्या दाराशी आमी मागं."

हौशीरामांनी ब्रश खाली ठेवला. थोडा विचार केला. मग तात्यांना विनंती केली, "जरा खिडकीकडे तोंड करून उभे राहता का?" आणि दिसेल तसं काढलं. रुंद पाठ, मानेवरच्या दोन घड्या, कॉलरवरचा घामाचा पट्टा, मागे बांधलेले हात आणि हातात फोन.

ऑफिस भरलं होतं. पडदा बाजूला झाला आणि कार्यकर्त्यांच्या तोंडून एकदमच निघालं, "तात्या!" एकाने तर सवयीने पुढे होऊन दार उघडल्यासारखा हात केला. एकजण चित्राच्या पाया पडला.

तात्या मात्र बराच वेळ बघत राहिले. चेहरा गोंधळलेला. त्यांनी हळूच हौशीरामांना विचारलं, "मीच आहे का हा?"

"तुमीच तात्या! साक्षात तुमी!" सगळे ओरडले.

"मला काही ओळखू येत नाही," तात्या म्हणाले. "पण जनता म्हणते तर लावा."

ते चित्र आता त्यांच्या ऑफिसात, मोठ्या टेबलामागे लावलेलं आहे. कोणी रस्त्याचं, कोणी पाण्याचं, कोणी बदलीचं काम घेऊन येतो. तात्या बहुधा नसतातच. माणूस टोपी काढून चित्रासमोर उभा राहतो, आपलं गाऱ्हाणं सगळं सांगतो, त्या पाठीकडे थोडा वेळ बघतो, आणि तात्या भेटल्याचं पूर्ण समाधान घेऊन गावी परत जातो.